अंगठ्याचा सांधा जोडून टाकला, तर दहा वर्षांनी काय?

लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडत नाही. कुलपात किल्ली घातली तरी फिरवता येत नाही. ओली चादर पिळताना अशी कळ येते की ती हातातून सुटून पडते. पन्नाशी-साठीतल्या स्त्रिया दवाखान्यात येतात तेव्हा तक्रारी अशा सुट्या सुट्या असतात आणि सगळ्याचा सारांश एकच असतो, 'हातात जोर राहिला नाही.' घरच्यांना वाटते, वय झाले. शेजारी कॅल्शियमच्या गोळ्या सुचवतात. कुणी युरिक ॲसिड तपासून घ्यायला सांगते. पण नेमके कुठे दुखते ते दाखवा म्हटले, की दुसऱ्या हाताचे बोट बरोबर एकाच जागी टेकते. मनगट संपते आणि अंगठा सुरू होतो, त्या जागी.

अंगठ्याच्या बुडाशी असलेला सांधा झिजल्याचे हे लक्षण आहे. गुडघ्याच्या झिजेबद्दल घरोघरी बोलले जाते. अंगठ्याच्या झिजेबद्दल फारसे कुणी बोलत नाही, कारण त्याने माणूस लंगडत नाही आणि अंथरुणाला खिळत नाही. स्वयंपाक, धुणे, शिवण, लिहिणे मात्र रोज थोडे थोडे अवघड होत जाते.

यातील बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. ज्यांना लागते, त्यांच्यापुढे कधी कधी एक पर्याय असा ठेवला जातो की तो ऐकूनच रुग्ण दचकतो. झिजलेला सांधा कायमचा जोडून टाकायचा. डॉक्टर याला 'फ्यूजन' म्हणतात. 'म्हणजे अंगठा हलणारच नाही का?' हा पहिला प्रश्न असतो आणि 'पुढे म्हातारपणी काय?' हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून झालेल्या अभ्यासांमुळे आज दोन्हींची उत्तरे बऱ्यापैकी देता येतात.

खोगिरासारखा सांधा

मनगटात आठ लहान हाडे असतात. त्यांपैकी अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे नाव ट्रॅपेझियम. अंगठ्याचे तळहातातले लांब हाड या ट्रॅपेझियमवर टेकलेले असते, आणि टेकण्याची तऱ्हा घोड्याच्या खोगिरासारखी आहे. खोगिरावर बसलेला स्वार पुढे-मागे झुकू शकतो, डावी-उजवीकडे कलू शकतो आणि थोडा वळूही शकतो. अंगठाही तसाच बोटांपासून दूर जातो, त्यांच्या समोर येतो आणि करंगळीपर्यंत पोहोचतो. सुई धरणे, घास उचलणे, रांगोळीची चिमूट सोडणे, हे सगळे या एका सांध्याच्या जोरावर चालते. अपघातात कामगाराचा अंगठा गेला, तर १९२३ च्या भरपाई कायद्यानुसार त्याची कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी कमी झाली असे धरले जात असे. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. अंगठ्याचे मोल कायद्यानेही ओळखले आहे.

या स्वातंत्र्याची किंमत सांध्याला मोजावी लागते. खोगीर उथळ असते, त्यामुळे हाडे जागेवर ठेवण्याचे काम आजूबाजूच्या अस्थिबंधांवर पडते. शिवाय अंगठा हा एक लांब दांडा आहे. त्याच्या टोकाशी लावलेला थोडासा जोर बुडाशी कितीतरी पटींनी वाढतो. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातील गणितानुसार, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एक किलो जोर लावला, तर बुडाच्या सांध्यावर सुमारे बारा किलोचा दाब येतो. जोरकस मुठीत पकडताना तो १२० किलोपर्यंत जाऊ शकतो. हे दिवसातून शेकडो वेळा आणि चाळीस-पन्नास वर्षे चालते. मग अस्थिबंध सैल होतात, लांब हाडाचे बूड खोगिरावरून बाहेर सरकू लागते, मधली गुळगुळीत कूर्चा घासून जाते आणि हाडावर हाड घासू लागते. बाहेरून अंगठ्याच्या मुळाशी टेंगूळ आल्यासारखे दिसते.

स्त्रियांमध्ये, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, हा त्रास पुरुषांपेक्षा बराच जास्त आढळतो. ब्रिटनमध्ये १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रजोनिवृत्तीनंतरच्या १४३ स्त्रियांचे एक्स-रे काढले होते. त्यांपैकी चौघींमागे एकीच्या अंगठ्याचा बुडाचा सांधा झिजलेला दिसला. पण ज्यांच्यात अशी झीज दिसली, त्यांपैकी जेमतेम २८ टक्के स्त्रियांचाच अंगठा तिथे दुखत होता. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एक्स-रेमध्ये झीज दिसली म्हणून शस्त्रक्रिया करायची नसते. उपचार दुखण्यावर आणि अडलेल्या कामावर करायचा असतो.

आधी खात्री, मग साधे उपाय

अंगठ्याच्या आसपास दुखण्याची इतरही कारणे आहेत. मनगटाच्या कडेने जाणाऱ्या स्नायुबंधांना सूज आली, तर बाळाला उचलताना, तवा धरताना कळ येते. ती थोडी वर, मनगटाच्या बाजूला असते. अंगठा वाकवल्यावर 'टक्' करून अडकत असेल, तर दोष स्नायुबंधाच्या नळीत असतो. रात्री मुंग्या येऊन झोप मोडत असेल, तर मनगटात नस दबलेली असू शकते. अंगठ्याच्या बुडाच्या झिजेत डॉक्टर लांब हाड हलके दाबून गोल फिरवतात, तेव्हा खरखर जाणवते आणि नेमके तेच दुखणे उमटते. ही तपासणी आणि एक साधा एक्स-रे, एवढ्यावर निदान बहुधा होते. बोटांचे अनेक सांधे सुजले असतील, सकाळी हात तासभर आखडत असतील, तर मात्र आमवाताची तपासणी करायला हवी.

पहिले उपाय साधे आहेत. चिमटीची कामे शक्य तिथे पूर्ण हातावर न्यावीत. किल्लीला जाड मूठ बसवावी, चमच्याच्या आणि सुरीच्या दांड्यावर कापड गुंडाळून ती जाड करावी, पिशवी बोटांत न धरता कोपरात अडकवावी, चादर नळाला गुंडाळून पिळावी. दुखऱ्या जागी लावायचे वेदनाशामक जेल पोटातल्या गोळ्यांपेक्षा सुरक्षित असते. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊच नयेत. सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास काहींना काही आठवडे ते काही महिने आराम मिळतो, पण तो टिकाऊ नसतो.

अंगठ्याच्या बुडाला आधार देणारा पट्टा, म्हणजे स्प्लिंट, हा सर्वात दुर्लक्षित उपाय आहे. फ्रान्समध्ये ११२ रुग्णांवर केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना रात्री असा पट्टा बांधायला दिला. महिन्याभरात काहीच फरक दिसला नाही. वर्षाने मात्र पट्टा वापरणाऱ्यांचे दुखणे कमी झाले होते आणि हाताची कामे सुधारली होती. आपल्याकडे बरेच जण पंधरा दिवस पट्टा बांधतात आणि 'गुण आला नाही' म्हणून तो कपाटात टाकतात. इथे धीर हाच औषधाचा भाग आहे.

स्वीडनमधील एक लहान अभ्यास याहून बोलका आहे. शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीत असलेल्या ३३ रुग्णांना सात महिने पट्टा, साधने आणि कामाच्या पद्धतीत बदल, असे उपचार दिले. त्यानंतर २३ जणांना शस्त्रक्रियेची गरज वाटेना. पुढच्या सात वर्षांत त्यांतील फक्त दोघांनी ती करून घेतली. म्हणून किमान सहा महिने हे उपाय मनापासून केल्याशिवाय शस्त्रक्रियेचा विषय काढू नये, असेच बहुतेक शल्यविशारद सांगतात.

१९४९ मधील दोन वाटा

तरीही काही जण उरतात, ज्यांची झोप दुखण्याने मोडते आणि ज्यांचे काम थांबलेले असते. त्यांच्यासाठी दोन मुख्य वाटा आहेत आणि दोन्हींची नोंद १९४९ मध्ये हाडांच्या शस्त्रक्रियेला वाहिलेल्या एकाच ब्रिटिश नियतकालिकात, एकाच वर्षाच्या खंडात झाली. गर्व्हिस यांनी झिजलेले ट्रॅपेझियम हाड काढूनच टाकण्याची पद्धत मांडली. हाडच नाही, तर घासणार काय, असा विचार. म्युलर यांनी दोन्ही हाडे एकमेकांना जोडून टाकण्याची पद्धत मांडली. हालचालच नाही, तर दुखणार काय, असा विचार. कोणती वाट बरी, हा वाद तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे. पुढे हाड काढलेल्या जागी रुग्णाच्याच स्नायुबंधाची पट्टी वळवून बसवण्याची पद्धत आली आणि कृत्रिम सांधेही आले. कृत्रिम सांध्यांचा वापर युरोपात वाढतो आहे. पण बहुतेक ठिकाणी निवड आजही या दोन जुन्या वाटांमध्येच होते.

सांधा जोडण्याची शस्त्रक्रिया साधारणतः फक्त हात बधिर करून करता येते. झिजलेल्या सांध्यात उरलेली कूर्चा खरवडून काढतात, दोन्ही हाडांची ताजी टोके एकमेकांवर बसवतात आणि तारा, स्क्रू, पिना किंवा छोटी पट्टी लावून ती घट्ट धरतात. गरज पडल्यास शरीरातल्या दुसऱ्या हाडाचा चुरा मध्ये भरतात. मोडलेले हाड जसे सांधते, तशी ही दोन हाडे सांधून एक व्हावीत, अशी अपेक्षा असते. सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त, प्लॅस्टर राहते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे अंगठा कोणत्या स्थितीत जोडायचा. कुरकुरणारी बिजागरी काढून टाकायची आणि दार कायमचे एकाच जागी बसवायचे, असा हा प्रकार आहे. दार पूर्ण उघडे ठेवले तरी अडचण, पूर्ण बंद केले तरी अडचण. म्हणून सैलसर मूठ वळल्यावर अंगठ्याचे पेर तर्जनीच्या मधल्या पेरावर अलगद टेकेल, अशा बेताने तो जोडतात. या स्थितीत पकड आणि चिमूट दोन्ही साधतात. काही अंशांची चूक झाली, तर ती रुग्णाला जन्मभर जाणवते.

अकरा वर्षांनंतरचा हिशेब

सांधा जोडलेल्या रुग्णांचे पुढे काय होते, याचा एक मोठा हिशेब अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये मांडला. त्यांनी ११४ रुग्णांच्या १२६ अंगठ्यांची माहिती घेतली. शस्त्रक्रियेला सरासरी अकरा वर्षे उलटून गेली होती.

दुखण्याचे उत्तर स्पष्ट होते. शून्य ते दहाच्या मापावर शस्त्रक्रियेपूर्वी सरासरी ६.६ असलेले दुखणे ०.४ वर आले होते. मुठीची आणि चिमटीची ताकद वाढली होती. म्हणजे म्हातारपणी हा अंगठा लुळा पडेल, ही भीती या आकड्यांत दिसत नाही. एकदा नीट सांधलेला सांधा पुन्हा झिजत नाही, कारण झिजायला तिथे काही उरलेलेच नसते.

याच अभ्यासात दोन उण्या बाजूही नोंदल्या आहेत. पहिली, १२६ पैकी १७ अंगठ्यांत हाडे सांधलीच नाहीत. म्हणजे साधारण दर सात-आठमागे एक. अशा वेळी काहींना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. काहींमध्ये मात्र हाडांच्या मध्ये चिवट तंतूंचे जाळे तयार होते आणि ते पुरेसे धरून ठेवते. एक्स-रेमध्ये जोड अपुरा दिसतो, पण रुग्णाला दुखत नाही. अशा रुग्णाला पुन्हा टेबलावर घेण्याचे कारण नसते.

दुसरी उणी बाजू शेजाऱ्यांची. एक सांधा बंद झाला, की त्याची हालचाल मागचा आणि पुढचा सांधा वाटून घेतात. म्हणूनच सांधा जोडल्यावरही अंगठा हलतो, आणि बऱ्याच जणांचे अंगठ्याचे टोक बोटांच्या टोकांपर्यंत पोहोचते. घास घेता येतो, पेन धरता येते, शर्टाची बटणे लावता येतात. पण शेजाऱ्यांवर जादा भार पडतो. मेयोच्या अभ्यासात ३९ रुग्णांमध्ये ट्रॅपेझियमच्या मागच्या, मनगटाकडच्या सांध्यात एक्स-रेवर झीज वाढलेली दिसली. त्यांपैकी बहुतेकांना त्याचा त्रास होत नव्हता. तरीही ज्यांचा हा मागचा सांधा आधीपासूनच खराब आहे, त्यांच्यासाठी जोडण्याची शस्त्रक्रिया योग्य नाही. एक दुखणे बंद करून दुसरे जागे करण्यात अर्थ नसतो.

बांगडी, भाकरी आणि जमिनीवरून उठणे

अभ्यासांच्या तक्त्यांत 'तळहात सपाट करता येत नाही' अशी एक ओळ असते. परदेशी रुग्णाला ती खिशात हात घालताना किंवा हातमोजा चढवताना आठवते. आपल्याकडे तिचा अर्थ बराच मोठा आहे.

जोडलेला अंगठा तळहातापासून थोडा पुढे उभा राहतो. तो मागे सारून तळहात जमिनीवर पूर्ण टेकवता येत नाही. भाकरी थापताना, कणीक तळहाताने रेटताना, अंगण सारवताना हे जाणवते. गुडघे दुखणारी बाई जमिनीवरून उठताना तळहात टेकूनच उठते. गुडघ्याची आणि अंगठ्याची झीज एकाच वयात येत असल्याने ही अडचण अनेकींची असते. त्यांना मुठीवर किंवा पाटावर, खुर्चीवर जोर देऊन उठायला शिकावे लागते.

आणि बांगड्या. कासार काचेच्या बांगड्या भरतो तेव्हा अंगठा तळहातात दाबून हात निमुळता करतो, तेव्हाच बांगडी पुढे सरकते. सांधा जोडल्यावर हात असा निमुळता होत नाही. नेहमीच्या मापाची बांगडी चढत नाही आणि हातातली उतरत नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी पाटल्या-बांगड्या काढायला सांगतात. त्या पुन्हा चढणार नाहीत, हे कुणी सांगितलेले नसते. पुढे पेचाच्या, उघडणाऱ्या बांगड्या हा उपाय आहे, पण ही गोष्ट आधी कळायला हवी. ऐकणाऱ्याला ती क्षुल्लक वाटेल. जिला रोज हातात बांगड्या लागतात, तिला ती क्षुल्लक नसते, आणि चांगला निकाल लागलेल्या शस्त्रक्रियेनंतरही ती नाराज राहते ती अशाच न सांगितलेल्या गोष्टींमुळे.

समोरासमोर तुलना

दोन वाटांची थेट तुलना करणारे अभ्यास थोडे आहेत. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठीच्या आतल्या रुग्णांचे दोन्ही गट तपासले. दुखणे, रोजची कामे आणि समाधान यांत फारसा फरक आढळला नाही. सांधा जोडलेल्यांची चिमूट जास्त जोरकस होती. हाड काढलेल्यांचा अंगठा जास्त फिरत होता आणि त्यांना तळहात सपाट करता येत होता. गुंतागुंत जोडलेल्या गटात जास्त होती, मुख्यतः हाडे न सांधण्याची.

नेदरलँड्समध्ये चाळिशीपुढच्या स्त्रियांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी करून चाचणी सुरू झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. ती अर्ध्यात थांबवावी लागली. सांधा जोडलेल्या गटात मध्यम ते गंभीर गुंतागुंत ७१ टक्के होती, तर हाड काढून स्नायुबंधाची पट्टी बसवलेल्या गटात २९ टक्के. दुखणे आणि कामे मात्र दोन्ही गटांत सुधारली होती. पाच वर्षांनी पुन्हा पाहिले, तेव्हाही दुखण्याच्या आणि कामाच्या गुणांत लक्षणीय फरक नव्हता. पण 'हीच शस्त्रक्रिया पुन्हा करून घ्याल का' या प्रश्नाला हाड काढलेल्या स्त्रियांनी जास्त प्रमाणात होकार दिला.

हे आकडे मेयोच्या आकड्यांशी विसंगत वाटतील. पण दोन्ही अभ्यास वेगळे प्रश्न विचारतात. एक सांगतो की सांधा जोडला गेला, की तो दहा-अकरा वर्षे चांगला चालतो. दुसरा सांगतो की तो जोडला जाईपर्यंतचा रस्ता खडतर आहे आणि सरसकट सगळ्या स्त्रियांना त्या रस्त्याने नेऊ नये. मेयोचा अभ्यास मागे वळून पाहणारा आहे आणि तिथे ही शस्त्रक्रिया कुणावर करायची, हे डॉक्टरांनी आधीच निवडलेले होते, हेही ध्यानात घ्यावे. सर्व चाचण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन अहवालातही कोणतीच एक शस्त्रक्रिया दुसरीपेक्षा निर्विवाद सरस ठरली नाही.

हाड काढण्याची वाटही बिनकाट्याची नाही. अंगठा थोडा आखूड होतो, चिमटीचा जोर यायला सहा महिने ते वर्ष लागते आणि काहींना तो पूर्वीसारखा कधीच येत नाही. ब्रिटनमधील नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी नुसते हाड काढणे आणि हाड काढून स्नायुबंधाची पट्टी बसवणे यांची चिठ्ठ्या टाकून तुलना केली. पाच ते अठरा वर्षांनंतरही दोन्हींत फरक आढळला नाही, आणि ७८ टक्के अंगठ्यांचे दुखणे समाधानकारक कमी झालेले होते. म्हणजे साधी शस्त्रक्रियाही पुरते.

मग सांधा जोडावा कुणाचा?

उत्तर हात काय काम करतो, यावर अवलंबून आहे. सुतार, गवंडी, मेकॅनिक, ऊसतोड कामगार, कात्री चालवणारा शिंपी, यांना घट्ट पकड आणि न दुखणारी चिमूट लागते. अंगठा चहूबाजूंनी फिरला नाही, तरी त्यांचे चालते. जोर गेला तर मात्र रोजगार जातो. साठीच्या आतला, अंगमेहनतीचे काम करणारा, शेजारचे सांधे शाबूत असलेला रुग्ण जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी योग्य समजतात. तरुणपणी अपघाताने हा सांधा बिघडला असेल, तर तिथेही ती उपयोगी पडते. हाडे न सांधल्यास किंवा पुढे शेजारचा सांधा दुखू लागल्यास नंतर ट्रॅपेझियम काढण्याची वाट शिल्लक राहते. उलट दिशेने जाणे, म्हणजे हाड काढून झाल्यावर सांधा जोडणे, फार अवघड असते.

घरकाम, भाकरी, पूजा, नातवंडे यांत हात गुंतलेल्या साठीपुढच्या स्त्रीला बहुधा जोरापेक्षा लवचीकपणा जास्त लागतो. तबला-पेटी वाजवणाऱ्यांचेही तसेच. हाडे ठिसूळ असतील किंवा आमवात असेल, तर जोडण्याचा विचार सहसा करत नाहीत. पण हे ठोकताळे आहेत. एखादी बाई शिलाई मशीनवर घर चालवत असते, आणि एखादा निवृत्त पुरुष फक्त वर्तमानपत्र धरतो. फॉर्मवर 'गृहिणी' एवढेच लिहिलेले असते. हातांनी दिवसभर काय होते, ते त्यातून कळत नाही.

अंदाज घेण्याची एक सोपी रीत आहे. अंगठ्याचे बूड घट्ट धरणारा कडक पट्टा आठवडाभर बांधून रोजची कामे करून पाहावीत. जोडलेला अंगठा कसा वाटेल, याची साधारण कल्पना येते. दुखणे थांबल्याचा आनंद मोठा की अडलेल्या कामांचा वैताग मोठा, हे रुग्णाला स्वतःलाच कळते.

ठरवण्याआधी आणि ठरल्यावर

तंबाखू हा हाड सांधण्याचा शत्रू आहे. धूम्रपान करणाऱ्यांची हाडे उशिरा सांधतात किंवा सांधत नाहीत. मशेरी आणि खाण्याच्या तंबाखूतही तेच निकोटिन असते. स्त्रिया मशेरीला व्यसन समजत नाहीत, म्हणून विचारल्याशिवाय सांगत नाहीत. शस्त्रक्रियेच्या आधी काही आठवडे आणि हाड पूर्ण सांधेपर्यंत ती बंद ठेवावी लागते. रक्तातील साखरही आटोक्यात हवी.

प्लॅस्टर निघाल्यावर अंगठा आखडलेला आणि हात बारीक झालेला दिसतो. त्याने घाबरू नये. फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम करावेत, पण एक्स-रेवर जोड दिसेपर्यंत जड वजन उचलू नये. अंगमेहनतीचे काम तीन महिन्यांच्या आत सुरू होईल, असे धरू नये. रोजंदारीवर असलेल्याने या काळाचा खर्च आधी मोजावा. दोन्ही अंगठे दुखत असले, तरी एका वेळी एकाच हातावर शस्त्रक्रिया करावी, म्हणजे स्वतःचे स्वतः करायला एक हात मोकळा राहतो. शासकीय योजनेचा लाभ मिळतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

डॉक्टरांना भेटायला जाताना एक्स-रेबरोबर एक कागदही न्यावा. त्यावर दिवसभरात या हाताने होणारी दहा कामे लिहावीत. कोणती दुखण्याने अडली आहेत आणि कोणती सोडणे अजिबात परवडणार नाही, तेही लिहावे. भाकरी, बांगडी, कात्री, कोयता, जे असेल ते. मग एकेका कामावर बोट ठेवून विचारावे, 'सांधा जोडला तर हे जमेल का? हाड काढले तर जमेल का? आणि काहीच केले नाही तर?' या तीन प्रश्नांची उत्तरे ऐकल्यावरच संमतीपत्रावर सही करावी.